फुगडीविषयी तू विचारलेस म्हणून

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

चवथीला घरी आल्यावर वाड्यावरच्या फुगडीत उतरू का, असे तू विचारलेस. त्याचे उत्तर फोनवर दोन शब्दांत देण्यासारखे नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. फुगडी घालू नकोस, असेच माझे मत आहे. परंतु नुसती मनाई करून थांबणे मला योग्य वाटत नाही, कारण यापुढे पुण्याच्या वसतिगृहात ऑपरेशन झालेला हा पाय तुला तुझ्याच समजुतीने सांभाळायचा आहे.

तुझी मावशी नेहमी सुधा चंद्रन यांचे उदाहरण देते. १९८१ च्या अपघातानंतर त्यांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि जयपूर फूट लावून त्या पुन्हा रंगमंचावर नाचल्या. त्यांच्या जिद्दीविषयी मला अतिशय आदर आहे. मात्र त्यांचा गुडघा त्यांचा स्वतःचाच राहिला, आणि बाहेरून चढवायचे कृत्रिम पाऊल झिजले की बदलता येते. तुझे नेमके याच्या उलट आहे. ऑस्टिओसार्कोमाची, म्हणजे हाडाच्या कर्करोगाची गाठ मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला होती. केमोनंतर सर्जननी ते टोक गुडघ्याच्या सांध्यासह काढले आणि त्या जागी धातूचा बिजागरीसारखा सांधा बसवला, ज्याचा एक दांडा मांडीच्या उरलेल्या हाडाच्या पोकळीत आणि दुसरा नडगीच्या हाडात रोवलेला आहे. पाऊल, बोटे, त्वचा सगळे तुझेच राहिले, ही फार मोठी गोष्ट आहे. पण आतला भाग बदलायचा म्हणजे पुन्हा मोठे ऑपरेशन.

फुगडीत हात धरून गरगर फिरताना पाऊल जमिनीला अडते आणि शरीर पुढे वळते. तो सगळा पीळ गुडघ्यातून दांड्यापर्यंत, म्हणजे धातू आणि हाड जिथे एकत्र येतात तिथपर्यंत जातो. असे हिसके वारंवार बसले तर दांडा हाडात सैल होऊ शकतो, आणि बिजागरीतले प्लास्टिकचे भागही लवकर झिजतात. इतक्या लहान वयात बसवलेला सांधा जन्मभर पुरेलच असे नाही, हे आपल्याला आधीच सांगितले आहे. दर वेळी नवा दांडा बसवताना त्याला धरायला हाड थोडे कमीच उरते, म्हणून हे ऑपरेशन जितके पुढे जाईल तितके मला हवे आहे.

धालोंचे, म्हणजे आपल्याकडच्या बायकांच्या लोकनृत्याचे, मात्र वेगळे आहे. पौषात मांडावर, म्हणजे नाचाच्या अंगणात, समोरासमोर ओळी धरून, ठेक्यावर पुढे-मागे पावले टाकायची, त्यात गिरकी नाही. फिजिओथेरपिस्टना पावले करून दाखव. त्यांनी होकार दिला तर रात्रभर नाच, मला आनंदच होईल. सायकल आणि पोहणे यांना त्यांची हरकत नाहीच. चवथीच्या आरतीला तू खुर्चीवर बसलीस तर कोणी काही म्हणेल, म्हणू दे. मांडी घालण्याचा किंवा उकिडवे बसण्याचा हट्ट लोकांसाठी करू नकोस.

आपल्या घराच्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवर पावसात शेवाळ येते, म्हणून तुझ्या येण्याआधी मी तिथे लोखंडी कठडा बसवून घेत आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, हे तुला पाठ आहे. तरी मांडीचा स्नायू दमला की गुडघा अचानक दुमडतो, त्या वेळी कठडा धरण्यात कमीपणा मानू नकोस. पडल्यावर दांड्याच्या टोकाशी हाड मोडले तर ते जुळवणे फार अवघड असते.

आता मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती गोष्ट. धातूत रक्त वाहत नाही. शरीरात कुठेही जंतुसंसर्ग झाला, दाताला, त्वचेला किंवा लघवीच्या मार्गाला, तर जंतू रक्तातून त्या धातूवर जाऊन बसू शकतात. तिथे ते स्वतःभोवती चिकट थर करतात, आणि त्यातून त्यांना औषधाने हटवणे कठीण होते. कधी कधी सगळा सांधाच काढावा लागतो. म्हणून गुडघा गरम लागला, लाल झाला, सुजला, व्रणातून पाणी आले किंवा कारण नसताना ताप आला, तर परीक्षा असो वा नसो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नकोस, कारण त्याने खरा जंतू तपासणीत सापडेनासा होतो. तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीला हे सगळे सांगून ठेव. सहानुभूती नको म्हणून तू लपवतेस, हे मला कळते. पण रात्री ताप चढला तर तुला रिक्षात बसवणारी तीच असेल.

छातीचा सीटी स्कॅन आणि हृदयाची एको तपासणी मुंबईच्या पुढच्या फेरीत होईल. हा आजार उलटला तर बहुधा आधी फुप्फुसांत दिसतो, आणि केमोतल्या एका औषधाचा परिणाम हृदयावर होऊ शकतो, त्यामुळे बरे वाटते म्हणून एकही तारीख चुकवू नकोस. दाढ दुखते असे परवा तू सहज म्हणालीस. दातांच्या डॉक्टरांकडे जाशील तेव्हा इम्प्लांटचे, म्हणजे बसवलेल्या धातूच्या सांध्याचे, कार्ड आधी दाखव, आणि दाढ काढायची ठरली तर मुंबईच्या सर्जनना विचारूनच हो म्हण. उद्याच जा, आणि ते काय म्हणाले ते संध्याकाळी मला कळव.

तुझा,
बाबा