घड्याळ फिरवू नका, आधी टाइम झोन बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा तुमच्या पेपरात आतल्या पानावर छोटी चौकट आली होती, अमेरिकेत घड्याळं एक तास पुढे केली म्हणून. वाचायला बरी होती, पण शेवटी लिहिलंय की भारतात हा प्रकार नसल्यामुळे आपल्याला काही फरक पडत नाही. माफ करा, पण पडतो. निदान आमच्या देवगडात तरी पडतो आणि नेमका आंब्याच्या सीझनला पडतो, कारण अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि त्याच सुमारास इकडे पेट्या भरायची घाई सुरू असते.

मी इथे कॉम्प्युटर रिपेरिंगची कामं करतो. मार्च उजाडला की एक ठरलेली तक्रार येते, शनिवारी रात्री मशीन नीट बंद केलेलं, आता बघतो तर घड्याळ बरोबर एक तास पुढे. एका बागायतदारांकडे बिलाच्या पावतीवर वेळ छापून येते. ट्रान्सपोर्टची गाडी संध्याकाळी सातला सुटते, माल चढला पावणेसातच्या आत, आणि पावती म्हणते सात चाळीस. झालं, गाडी सुटल्यावर माल चढला कसा यावरून ड्रायव्हर आणि मुनीम यांच्यात जुंपली. मालकांनी मला बोलावलं तेव्हा त्यांचा पक्का समज होता की व्हायरस आहे. मला म्हणाले, "मेल्या, ह्या घड्याळ आपसूक फुडे गेला कसा?"

व्हायरसबियरस काही नव्हता. सेटिंग उघडून बघितलं तर टाइम झोन (मशीन कुठल्या प्रदेशाची वेळ धरतं ते) पॅसिफिक, म्हणजे लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को तिकडचा. विंडोज टाकताना बऱ्याचदा तोच झोन आधीपासून निवडलेला असतो, टाकणारा नेक्स्ट नेक्स्ट करत सुटतो, मग सकाळचे दहा वाजलेले असताना घड्याळ आदल्या रात्रीचे साडेआठ दाखवतं म्हणून हाताने दहा करून टाकतो, आणि पुन्हा चुकू नये म्हणून ऑटोमॅटिक टाइम पण बंद करतो. काम फत्ते. पण मशीन बिचारं स्वतःला कॅलिफोर्नियातच समजत असतं, त्यामुळे मार्चमधल्या त्या रविवारी रात्री दोन वाजले की ते इमानदारीत तीन वाजवतं. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत एक तास मागे येतं, म्हणजे रोग आपोआप बरा, त्यामुळे कोणी मुळाशी जातच नाही. काही लोक तर आठ महिने मनातल्या मनात एक तास वजा करून काम चालवतात.

यावर उपाय दोन मिनिटांचा आहे पण क्रम महत्त्वाचा. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, त्यात डेट अँड टाइम. तिथे आधी झोन बदला, चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली असं लिहिलेली यूटीसी (जगभरची मूळ वेळ) अधिक साडेपाच तासांची ओळ निवडा. त्यानंतरच सेट टाइम ऑटोमॅटिकली चालू करा आणि नेट चालू असताना सिंक नाऊ दाबा, म्हणजे वेळ नेटवरून जुळते. डेलाइट सेव्हिंगचं, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करायच्या पद्धतीचं बटण आपला झोन निवडल्यावर फिकट होऊन जातं, कारण आपल्याकडे ती भानगडच नाही, ते चालू होत नाही म्हणून कृपया मला फोन करू नका.

बरेच जण विचारतात, वेळ दिसतेय ना बरोबर, मग झोन काही का असेना. तर तसं नसतं. कॉम्प्युटर मनात एकच जागतिक वेळ धरून चालतो, यूटीसी, आणि झोनप्रमाणे त्यात अधिक-उणे करून आपल्याला कोपऱ्यात वेळ दाखवतो. झोन चुकीचा ठेवून काटे फिरवले की दिसणारी वेळ सुधारते आणि आतली बिघडते, पॅसिफिक असेल तर तिकडच्या उन्हाळ्यात साडेबारा नाहीतर हिवाळ्यात साडेतेरा तासांनी. मग मेलच्या प्रोग्राममधून सकाळी १० ला पाठवलेलं कोटेशन समोरच्याला रात्री साडेदहाचं दिसू शकतं. ओटीपीचं अ‍ॅप कॉम्प्युटरवर असेल तर त्याचे आकडे दर ३० सेकंदांनी याच आतल्या वेळेवरून तयार होतात, ते जुळत नाहीत आणि लॉगिन अडकतं, आणि आपण शिव्या घालतो साइटला.

म्हणून माझं सांगणं एवढंच, घड्याळाला हात लावायच्या आधी चूक किती तासांची आहे ते बघा. ताप बघितल्याशिवाय गोळी देऊ नये तसं. दोन-चार मिनिटांची चूक असेल तर नुसतं सिंक करायचं राहिलंय. बरोबर एक तास असेल तर डेलाइट सेव्हिंग पाळणारा कुठला तरी झोन आत बसलाय. साडेबारा किंवा साडेतेरा म्हणजे पॅसिफिक. साडेपाच तास असेल आणि त्याच मशीनवर विंडोजबरोबर लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम) पण टाकलेलं असेल तर दोघांची भांडणं आहेत, कारण मदरबोर्डवरच्या (मशीनच्या आतल्या मुख्य पाटीवरच्या) घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स सहसा यूटीसी. कॉलेजच्या पोरांच्या लॅपटॉपमध्ये हे हमखास सापडतं.

दीड आणि अडीच तासांच्या चुका म्हणजे तर आपल्या कोकणाची खासियत. दुबई, मस्कत आपल्यापेक्षा दीड तास मागे, कुवेत, कतार, सौदी अडीच तास मागे. सुट्टीवर आलेला मुलगा लॅपटॉप घरी ठेवून जातो, मग घरच्यांना वाटतं घड्याळ स्लो झालंय. बोटीवर असणाऱ्यांचं आणखी वेगळं, सिंगापूरला सेट केलेलं मशीन इकडे अडीच तास पुढे पळतं. आखातात निदान डेलाइट सेव्हिंग नाही त्यामुळे तिकडचा फरक बाराही महिने तोच राहतो, आणि आयांना तो तोंडपाठ असतो.

घरून परदेशातलं काम करणाऱ्या पोरापोरींना मात्र खरा त्रास आहे. न्यूयॉर्कची सकाळी ९ ची मीटिंग थंडीत आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला आणि मार्चनंतर साडेसहाला. लंडनचा बदल मार्चच्या शेवटच्या रविवारी होतो, म्हणजे मधे दोन-तीन आठवडे असे जातात की अमेरिकावाले सरकलेले आणि इंग्लंडवाले जागेवरच. परतीला पण तोच घोळ, इंग्लंड ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं, अमेरिका त्यानंतर आठवड्याने. सिडनीत सगळं उलट, तिकडे ऑक्टोबरात पुढे आणि एप्रिलमध्ये मागे. यावर तोडगा म्हणून काही मुलं लॅपटॉपचा झोनच न्यूयॉर्कला करून ठेवतात, ते करू नका. विंडोजमध्ये जादा घड्याळं लावायची सोय आहे, दोन लावता येतात, कोपऱ्यातल्या वेळेवर माऊस नेला की दिसतात. आणि मीटिंग कॅलेंडरमध्ये तिकडच्या माणसाने त्याच्या झोनमध्ये टाकलेली असेल तर ती आपल्याकडे स्वतःच सरकते, वहीत लिहून ठेवलेली वेळ सरकत नाही.

तसं आपल्याला हे नवीन असायचं कारण नाही. १९०६ मध्ये देशभर एक वेळ आली तरी मुंबई पुढे कित्येक वर्षं स्वतःच्या बॉम्बे टाइमवर अडून बसली होती, ३९ मिनिटं मागे, ते थेट १९५५ पर्यंत. दुसऱ्या महायुद्धात तर भारतातली घड्याळं पण एक तास पुढे केलेली होती. असो, विषयांतर झालं.

तुम्हाला विनंती अशी की दरवर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्या चौकटीत चार ओळी वाढवा, तुमच्या कॉम्प्युटरचा टाइम झोन एकदा उघडून बघा म्हणून. आणि ग्रामपंचायती, शाळा, सेवा केंद्रं यांना मशीन पुरवणाऱ्यांना पण दोन शब्द सुनवा. मागे इथल्या एका ऑफिसात एकाच लॉटमधली सगळी मशीनं पॅसिफिकवर निघाली, पुरवणाऱ्याला विचारलं तर म्हणे सेटिंगचं काम बिलात धरलेलं नाही. झोन निवडायचं वेगळं बिल लावणार असतील तर धन्य आहे.

आपला,
कॉम्प्युटर रिपेरिंगवाला, देवगड

ता. क. लाइट गेली की ज्यांचा कॉम्प्युटर दरवेळी कित्येक वर्षं जुनी तारीख दाखवतो आणि कुठलीही साइट उघडली की कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतो, त्यांचा झोनशी संबंध नाही, मदरबोर्डवरचा सेल संपलाय. बहुतेक डेस्कटॉपना सीआर २०३२ नावाचा बटणासारखा तीन व्होल्टचा सेल लागतो, जुना काढून दुकानात दाखवा. नवीन घातल्यावर आधी तारीख हाताने जवळपास आणा आणि मग सिंक करा, फरक फार मोठा असला तर सिंक कधीकधी होतच नाही. पावसाळ्यात लाइटीचा खेळ सुरू व्हायच्या आधी हे उरकून घेतलेलं बरं.