‘त्याच मॉडेलचा’ आहे म्हणून बंपर बसेलच असं नाही

मा. संपादक,
स. न.

आपल्या छोट्या जाहिरातींत हल्ली वापरलेल्या बंपरच्या जाहिराती बऱ्याच दिसतात. मजकूर ठरलेला: गाडीचं मॉडेल, रंग, ‘उत्तम स्थितीत’ आणि फोन नंबर. मी डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यात आहे. असे बंपर शेवटी आमच्यासारख्यांकडेच बसवायला येतात आणि त्यातले कितीतरी न बसता परत जातात. गिऱ्हाईक वैतागून म्हणतं, “अहो, त्याच मॉडेलचा आहे, मग बसत कसा नाही?” याचं उत्तर बंपर विकत घेण्याआधी मिळालेलं बरं.

गाडीचं नाव तेच राहतं, तोंड बदलतं. कंपनी मधेच फेसलिफ्ट काढते, तेव्हा हेडलाइट, ग्रिल आणि बंपर बहुधा एकदमच बदलतात. नवा बंपर जुन्या हेडलाइटखाली लावला तर एका टोकाला बोट जाईल एवढी फट पडते आणि दुसऱ्या टोकाला तो काचेवर घासतो. वर्षाचाही घोळ असतो. लोक नोंदणीचं वर्ष सांगतात, पण गाडी बनते एका वर्षी आणि कधीकधी विकली जाते पुढच्या. नेमकं तेव्हाच फेसलिफ्ट आलं असेल तर नोंदणीच्या वर्षाचा काही उपयोग नाही. विश्वास ठेवायचा तो १७ आकडे-अक्षरांच्या चॅसिस नंबरवर. कंपनीच्या पार्ट्स काउंटरवर तो दिला की त्या गाडीला कोणता बंपर लागतो, त्याचा पार्ट नंबर सांगतात.

मग तो नंबर विकत घ्यायच्या वापरलेल्या बंपरवर शोधायचा, आणि तो असतो आतल्या बाजूला. बंपर पालथा केला की प्लॅस्टिकमध्येच उठून आलेली अक्षरं दिसतात, नाहीतर स्टिकर असतो. एक सावधगिरी बाळगावी. साच्यातून उमटलेला नंबर आणि काउंटरवरचा नंबर दर वेळी तंतोतंत जुळतीलच असं नाही. शेवटची एक-दोन अक्षरं वेगळी निघाली तर तो फरक किरकोळ आहे की सेन्सरच्या भोकांचा, हे विचारूनच पुढे जावं.

भोकांचंही तसंच. एकाच वर्षाच्या एकाच गाडीत साध्या मॉडेलला फॉग लॅम्प नसतात, टॉप मॉडेलला असतात. पार्किंग सेन्सर, हेडलाइट वॉशर, टोइंग हुकचं झाकण, मागच्या बंपरला सायलेन्सरसाठी ठेवलेली खाच, सगळं व्हेरियंटप्रमाणे बदलतं. “भोक काय, पाडून घेऊ” असं म्हणणारे खूप भेटतात. भोक पडतं हो, पण सेन्सर कोणत्या कोनात बघणार हे आत चिकटवलेला होल्डर ठरवतो. होल्डर नसेल तर सेन्सर जमिनीकडे बघतो आणि गाडी रिकाम्या रस्त्यावर बोंबलत राहते. ज्या गाड्यांचा रडार, म्हणजे आसपासच्या गाड्यांचा वेध घेणारं यंत्र, बंपरच्या मागे असतो, तिथे तर आधी किती वेळा रंग मारलाय हेही विचारावं. रंगाचे जाड थर आणि पुट्टी रडारच्या आड येतात.

आता सगळ्यात जास्त फसवणूक होते ती जागा. बंपरची दोन्ही टोकं जिथे फेंडरला, म्हणजे चाकावरच्या पत्र्याला भिडतात, तिथे पातळ कान असतात. ते बाजूच्या ब्रॅकेटमध्ये अडकतात. भंगारात निघालेल्या गाडीचा बंपर घाईत ओढून काढला की हेच कान तुटतात, आणि समोरून काढलेल्या फोटोत ते कधीच दिसत नाहीत. म्हणून आतल्या बाजूचा, दोन्ही टोकांचा जवळून काढलेला फोटो मागावा. कान शाबूत असले तरी मुळाशी पांढुरकी रेघ दिसते का बघावं. तिथे प्लॅस्टिक वाकून ताणलेलं असतं, आज नाही तर उद्या तिथूनच जातं. प्लॅस्टिक वेल्डिंगने चीर सांधता येते, पण कानाच्या पातळ लॉकची पकड पहिल्यासारखी येत नाही. बरेच दिवस ओझ्याखाली पडलेला बंपर न तुटताही वाकडा झालेला असतो. टोकापासून टोकापर्यंत आणि बोल्टच्या एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत टेप लावून माप घ्यावं, आपल्या बंपरशी ताडून बघावं.

त्यासाठी आपला फुटका बंपर हाताशी हवा. तो टाकून देण्याची लोकांना फार घाई! माप तर त्याच्यावरून मिळतंच, शिवाय क्लिपा, ब्रॅकेट, ग्रिल, सेन्सरची वायर, सगळं त्याच्यावरूनच काढून घ्यायचं असतं. वापरलेल्या बंपरबरोबर यातलं निम्मंही येत नाही.

आणि कधीकधी दोष बंपरचा नसतोच. धडकेत पुढची क्रॉस मेंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्याची आडवी पट्टी, किंवा बाजूचा ब्रॅकेट सरकला असेल तर कोरा करकरीत बंपरसुद्धा बसणार नाही. आधी ही दोन्ही जागच्या जागी सरळ आहेत ना, हे तपासून घ्यावं. बंपरच्या आतली लोखंडी बीम दबली असेल तर ती ठोकून पुन्हा लावू नये, बदलावी. तिचं काम धडकेत एकदाच दबायचं असतं.

रंग जुळतोय म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. रंगाचा कोड तोच असला तरी उन्हातान्हात राहिलेल्या दोन गाड्यांची छटा सारखी राहत नाही, त्यामुळे रंग बहुतेक वेळा मारावाच लागतो. पण तो मारण्याआधी बंपर नुसता अडकवून बघावा. बोल्ट हातानेच लावायचे, बॉनेट बंद करायचं, दोन्ही हेडलाइटच्या कडेची फट सारखी आहे का बघायचं. रंगवलेला बंपर विकणारा परत घेत नाही.

संपादक महाशय, आपल्याला विनंती एवढीच की, अशा जाहिरातीत पार्ट नंबर आणि ‘सेन्सरसह’ की ‘सेन्सरविना’ एवढं तरी छापण्याचा आग्रह धरावा. त्याला एक ओळसुद्धा लागत नाही. आतल्या बाजूचा फोटो मागितल्यावर जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडचा बंपर बसवायला आणू नका, असं मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगूनच ठेवलंय.

आपला विश्वासू,
डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यातला एक वाचक