जाहिरातीतलं लॉजिक आणि परीक्षेतलं लॉजिक

मा. संपादक,
सादर नमस्कार.

मी फोंड्याला राहते, आपला पेपर घरी रोज येतो. मुलगी बारावीला आहे आणि क्लॅटची तयारी करतेय, म्हणजे लॉ कॉलेजच्या एन्ट्रन्सची. १२० प्रश्न, दोन तास, चुकलं की पाव मार्क कट, आणि त्यातला साधारण पाचवा हिस्सा लॉजिकल रिझनिंगचा. गेल्या रविवारी सकाळी पोदेर पाव देऊन गेला, चहा झाला, ती मॉक, म्हणजे सरावाचा पेपर, सोडवायला बसली नि एका प्रश्नावरून आमचं चांगलंच वाजलं.

प्रश्न एका टूथपेस्टच्या जाहिरातीवर होता. आमची पेस्ट सहा महिने वापरलेल्या १००० लोकांना तपासलं, ८०० जणांच्या दातांना नवीन कीड नव्हती, म्हणून आमची पेस्ट कीड थांबवते. या तर्कात चूक कुठे? पोरीने टिक केलं "कंपनी आकडे फुगवून सांगते". उत्तर चुकलं. ती म्हणाली आई जाहिराती खोट्याच असतात ना, मग हे चूक कसं? आणि खरं सांगते, मला पण पहिल्यांदा तेच बरोबर वाटलं होतं.

नंतर दोघींनी बसून नीट वाचलं तेव्हा कळलं की असल्या प्रश्नात दिलेली माहिती खरीच धरायची असते. १००० खरे, ८०० पण खरे. बघायचं एवढंच की त्यावरून "म्हणून" च्या पुढचं निघतं का. इथे नाही निघत, कारण दुसरी पेस्ट वापरणाऱ्या किंवा नुसत्या मिठाने दात घासणाऱ्या १००० लोकांत किती जणांना कीड नव्हती ते सांगितलेलंच नाही, तिथे पण ८०० निघाले तर पेस्टने केलं काय? बरोबर पर्याय तोच होता, तुलनाच केलेली नाही. आणि अजून एक गोष्ट लक्षात आली, पर्याय नुसता खरा असून चालत नाही, त्याने त्या तर्कालाच धक्का बसला पाहिजे. "पेस्टची किंमत सांगितली नाही" हे खरंच होतं, पण त्याचा किडीशी संबंध काय.

माझा भाचा बँकेच्या परीक्षा देतो, त्याच्याकडे पण जाहिराती येतात पण तिथे प्रश्न वेगळा असतो. "फाडफाड इंग्लिश बोलायचंय? आमच्याकडे या", यात काय गृहीत धरलंय? लोकांना इंग्लिश बोलायची इच्छा आहे, हे गृहीत धरलंय. इंग्लिश फक्त आमच्याकडेच येतं, हे नाही धरलेलं, ते आपण आपल्या मनाने घालतो. म्हणजे तिथे जाहिरात देणाऱ्याच्या डोक्यात शिरायचं आणि क्लॅटला त्याच्या समोर उभं राहून तपासायचं. मुलं दोन्हीची गल्लत करतात आणि मार्क घालवतात, हे शिकवणाऱ्यांनी वेगळं करून सांगायला हवं.

आता हे पत्र का लिहितेय ते सांगते. मॉक झाली, पेपर उघडला, तर निकालानंतरच्या ट्यूशनवाल्यांच्या जाहिराती. एका क्लासची, नाव लिहीत नाही, "आमचे ९३ टक्के विद्यार्थी दहावी पास". पोरगी लगेच म्हणाली आई, टूथपेस्ट! आणि बरोबर होतं तिचं. गोवा बोर्डाचा दहावीचा निकालच २०२४ ला आणि २०२५ ला ९२ टक्क्यांच्या वर लागलाय, मग क्लास न लावलेली मुलं पण जवळजवळ तेवढीच पास होत असणार, त्यात क्लासने काय केलं ते त्या आकड्यावरून समजतच नाही. आकडा एकदम खरा असेल, मी खोटा म्हणत नाही. पण त्यावर विश्वास ठेवून कोणीतरी आई वर्षभराची फी भरते, मी स्वतः भरलीय मोठ्याच्या वेळी, हप्त्याने, आणि तेव्हा हा एक प्रश्न मला सुचला नाही याचं आज वाईट वाटतं.

दुसऱ्या जाहिरातीत ३० टॉपरचे फोटो. आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, धूर आणि आगीचं उदाहरण आहे ना, धूर दिसला की आग आहे म्हणता येतं, पण आग आहे म्हणून धूर असणारच असं नाही, तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याला कुठे धूर असतो. चुकीच्या कारणाला तिथे हेत्वाभास म्हणतात. फोटोवाल्या जाहिरातीत अगदी हेच होतं, टॉपर आमच्याकडे होते म्हणून आमच्याकडे याल तर टॉपर व्हाल. परीक्षेला बसले किती होते? ३० जण ४० मधले का ४०० मधले? आणि पूर्ण वर्ष शिकले का शेवटच्या महिन्यात नुसती टेस्ट सिरीज घेतली? कावळा बसायला आणि फांदी तुटायला, अशी पण गत असू शकते.

यासाठी नियम आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ ला कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, फोटोबरोबर मुलाचं नाव, रँक, कोणता कोर्स घेतला, किती दिवसांचा, पैसे भरून का फुकट हे छापायलाच हवं, सिलेक्शन झाल्यावर मुलाची लेखी परवानगी हवी, आणि खालची बारीक सूचना दाव्याएवढ्याच मोठ्या अक्षरात हवी. त्या पानावर मला यातलं काही दिसलं नाही. तक्रार करायची तर १९१५ हा हेल्पलाइन नंबर आहे, पालकांनी लिहून ठेवावा.

पोरीने त्या फोटोवाल्या क्लासला फोन करून विचारलं किती मुलं बसली होती, तर म्हणे ऑफिसला या मग सांगतो. आम्ही जाणार आहोत.

आपल्याकडे विनंती दोन. एक, कोचिंगची जाहिरात घेताना कोर्सचं नाव आणि कालावधी आहे का एवढं तरी आपल्या जाहिरात विभागाने बघावं. दुसरी, परीक्षेच्या दिवसांत आठवड्यातून एकदा मुलांच्या पानावर एका खऱ्या जाहिरातीतलं वाक्य, कंपनीचं नाव काढून, छापावं आणि यातली फट शोधा म्हणून विचारावं, उत्तर पुढच्या आठवड्यात. गोव्यातल्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना रिझनिंगचा सराव आपल्या भाषेत फारसा मिळत नाही, त्यांना फार उपयोग होईल. पहिली पाच-सहा वाक्यं आम्ही मायलेकींनी कापून ठेवलीत, सांगाल तर या आठवड्यातच पाठवते.

आपली,
एक पालक, फोंडा