नॅनो करक्युमिन रक्तात पोचलं, पण हृदयाचं काय?

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्य पुरवणीत नॅनो करक्युमिनवर लेख आला होता, हळदीतला हा घटक नॅनो रूपात घेतला की कितीतरी पट जास्त शोषला जातो आणि हृदयाचं रक्षण करतो असा. बाबांनी तो कापून ठेवला आणि आठवड्याभरात थेंबांची बाटली घरी आली. बाबांना स्टेंट टाकलेला आहे, रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू आहेत, आणि बाटलीवर त्या गोळ्यांबद्दल एक अक्षर नाही. म्हणून लिहितेय.

आधीच सांगते, माझा नॅनोला विरोध नाही. एम. फार्मला माझा प्रोजेक्टच नॅनोइमल्शनचा, म्हणजे पाण्यात तेलाचे अतिसूक्ष्म थेंब मिसळण्याचा होता. साधी करक्युमिनची पावडर पाण्यात टाकली की वर तरंगत बसते, चमच्याला चिकटते, कितीही ढवळा विरघळत नाही. तीच तेलात विरघळवून, पाणी आणि सर्फॅक्टंट (तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ) घालून प्रोब सोनिकेटरखाली, म्हणजे ध्वनिलहरींनी थेंब फोडणाऱ्या यंत्राखाली धरली की दुधासारखं गढूळ दिसणारं मिश्रण हळूहळू पारदर्शक व्हायला लागतं, कारण थेंब इतके बारीक होतात की प्रकाश फारसा अडत नाही. केसाची जाडी साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर धरली तर हे थेंब शंभरच्या आसपास, म्हणजे विचार करा. ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी सोनिकेटरसमोरून हलले नव्हते!

आणि गरज खरीच आहे. वनस्पतींतले हे घटक पोटात गेले तरी रक्तात टिकत नाहीत. द्राक्षांतल्या रेझव्हेराट्रोलचं बघा, तोंडावाटे दिलं की ७० टक्क्यांच्या आसपास शोषलं जातं, पण आतडं आणि यकृत त्याचं इतक्या झपाट्याने रूपांतर करतात की मूळ रूपात रक्तात नुसता मागमूस उरतो. करक्युमिनचंही तेच रडगाणं. १९९८ साली भारतातल्या संशोधकांनी २ ग्रॅम करक्युमिनबरोबर मिरीतलं २० मिलिग्रॅम पायपरीन दिलं तर शोषण २००० टक्क्यांनी वाढलं, आणि २०११ मध्ये जपानमध्ये अतिसूक्ष्म कणांच्या करक्युमिनने निरोगी माणसांत पावडरीच्या २७ पट शोषण दाखवलं. आकडे खरे आहेत, पण ते रक्तातल्या प्रमाणाचे आहेत हो, हृदयाचे नाहीत! हार्ट अटॅक कमी झाले का, माणसं जास्त जगली का, हे त्यातून कळत नाही. हृदयावरचा बराचसा चांगला पुरावा उंदरांतला आहे. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी हार्ट फेल्युअर झालेल्या उंदरांत करक्युमिनचा फायदा दाखवला, काम फार सुंदर आहे, पण उंदीर तो उंदीरच.

माणसांत काय होऊ शकतं ते कॅनडात २०१८ मध्ये दिसलं. पोटातल्या महाधमनीच्या फुगवट्याचं ऑपरेशन होणाऱ्या ६०६ जणांत ऑपरेशनच्या आसपास करक्युमिन आणि प्लासिबो (औषध नसलेली दिखाऊ गोळी) अशी तुलना केली. फायदा दिसला नाही, उलट किडनीला अचानक इजा होण्याचं प्रमाण करक्युमिनवाल्यांत १७ टक्के आणि प्लासिबोवाल्यांत १० टक्के निघालं. ते साधं करक्युमिन होतं, नॅनो नव्हतं, हे मान्य. पण मग जे जास्त शोषलं जातं त्याची काळजी जास्त घ्यायची की कमी?

शोषण वाढवलं म्हणजे डोस वाढवला, इतकं सरळ आहे हे. पायपरीन तर यकृतातल्या ज्या एन्झाइम्सना अडवतं तीच बऱ्याच औषधांचा निचरा करतात, म्हणजे तुमच्या इतर गोळ्यासुद्धा रक्तात जास्त साचू शकतात. करक्युमिन रक्ताच्या गुठळ्या होण्यात थोडी ढवळाढवळ करतं, त्यामुळे रक्त पातळ करायच्या गोळीसोबत ते घेताना डॉक्टरांना विचारायलाच हवं. अमेरिकेत हळदीच्या सप्लिमेंटमुळे यकृताला इजा झालेल्या १० केसेसची नोंद प्रसिद्ध झाली, त्या रुग्णांनी घेतलेल्या उत्पादनांपैकी काहींत पायपरीन सापडलं. इटलीने २०२२ पासून अशा सप्लिमेंटवर इशारा छापायला लावलाय. स्वयंपाकातल्या हळदीबद्दल मी हे म्हणत नाहीये, तिच्यात करक्युमिन असतंच किती!

बाबांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. थेंबांमुळेच आलं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण थेंब बंद करून डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, हे घेताय ते आधी का नाही सांगितलं? बाबांचं उत्तर होतं, ‘ते औषध थोडंच आहे, वनस्पतीचं आहे.’ जिच्यापासून हृदयाचं औषध मिळालं ती फॉक्सग्लोव्हही वनस्पतीच आहे, १७८५ मध्ये इंग्लिश डॉक्टर विदरिंगने तिच्याबद्दल लिहिलं तेव्हाच डोस जरा जास्त झाला की विषबाधा होते हेही लिहिलं होतं, आणि तिच्याच कुळातलं डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध देताना डॉक्टर अजूनही रक्तातली पातळी तपासतात.

तेव्हा पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर, मोजलं ते रक्तातलं प्रमाण की हृदयाचा झटका, आणि कोणत्या गोळ्यांबरोबर घेऊ नये, एवढ्या तीन ओळी चौकटीत टाकाच. बाबांसारखे बरेच वाचक कात्रण काढून ठेवतात.

आपली,
एक वाचक