काका, आमच्या मुलींशी बोललात म्हणून

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेतली मंडळी चारचौघांत नाव उघड करत नाहीत, म्हणून तुमचं नाव लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत.

मी बीएस्सी नर्सिंगला मानसिक आरोग्य परिचर्या शिकवते. दारू अचानक तुटली की काही तासांत हात थरथरतात, पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते, पुढे भास होऊन माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो, ग्लुकोजआधी थायमिन (ब१ जीवनसत्त्व) द्यायचं... परीक्षेत हे माझ्या सगळ्या विद्यार्थिनी बिनचूक लिहितात. अडतं ते वॉर्डात. यातल्या कितीतरी जणींनी घरात पिणारा बाप पाहिलाय. तो राग गणवेश घातला म्हणून जात नाही. अशा मुलीला नुसतं 'रुग्णाला समजून घे' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

या मुलींशी बोलायला आलात, तेव्हा तुम्ही उपदेश केला नाहीत. १९३५ मध्ये अमेरिकेत ॲक्रनला एका पिणाऱ्याने दुसऱ्याला आपली हकिकत सांगितली, त्यातून एए उभी राहिली. तुम्हीही आपली हकिकतच सांगितलीत. पाय मोडून ऑर्थो वॉर्डात होतात. सिस्टरने सासऱ्यांसमोर 'दारू पिता का?' विचारलं, तुम्ही 'नाही' म्हणालात. केसपेपरवर तेच लिहिलं गेलं. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या, तुम्ही सलाईन उपटलंत, तुमचे हात बांधले गेले. मग रात्रपाळीच्या दुसऱ्या सिस्टरने पडदा ओढला आणि हळूच विचारलं, 'शेवटची कधी घेतली होती?' तेव्हा तुम्ही खरं सांगितलंत आणि उपचार सुरू झाले. मान राखून विचारणं हा उपचाराचाच भाग आहे, हे मुलींना त्या मिनिटाला पटलं.

त्याहून मोठे आभार एका उत्तराचे. एकीने विचारलं, 'आणि घरच्यांचं काय?' तुम्ही तिला वडिलांना माफ कर म्हणाला नाहीत. तुझा राग खरा आहे म्हणालात, आणि कुटुंबीयांसाठी असलेल्या अल-ॲनॉनच्या सभांबद्दल सांगितलंत. ती नंतर बराच वेळ माझ्याजवळ बसून होती.

आता वॉर्डातल्या पोस्टिंगला मुली आधी नातेवाइकांना बाहेर बसवतात. शेवटची कधी, किती, हे विचारून वेळ लिहितात. परवा सर्जरीच्या एका रुग्णाचा घाम आणि थरथर दुसऱ्याच दिवशी एकीने ओळखली, लगेच डॉक्टरांना कळवलं.

पुढच्या बॅचचं पोस्टिंग दिवाळीनंतर आहे. याल ना? जमलं तर काकूंनाही आणा. त्यांना विचारायचे प्रश्न मुलींनी आत्ताच काढून ठेवलेत.

आपली,
एक नर्सिंग ट्यूटर