दसऱ्याला येते

इगतपुरी,
श्रावण

ती. बाबा आणि ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

आधी डोळ्याचं. बाबा, थेंब चार वेळा सांगितलेत म्हणजे चार वेळा. दोन औषधं लागोपाठ घालू नका, मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. रात्री ती प्लास्टिकची वाटी डोळ्यावर चिकटवूनच झोपायचं. पट्टी काढली त्या दिवशी मी मिरजेला नव्हते, ते मनातून जात नाही. दादा-वहिनी होते, सगळं नीट झालं, तरी जात नाही.

आता फोनवर बोलायचं राहिलं ते. पुण्याच्या त्या ऑफिसातल्या नोकरीला मी परवा नाही म्हणून कळवलं. मामांनी शब्द टाकला होता, म्हणून त्यांना मी स्वतः फोन केला, तुम्हाला अवघडायला नको. आई, तू हिशेब करशील, म्हणून लिहिते. इथे रेल्वेत, रुळांच्या कामावर, मूळ पगार 35,400, वर महागाई भत्ता. तिथे जास्त मिळाले असते हे खरं, पण पुण्याच्या भाड्यात आणि पेट्रोलात गेले असते. आणि तिथून तरी मी रोज संध्याकाळी घरी थोडीच आले असते?

पण पैशांमुळे नाही म्हटलं असं नाही. रूळ वर्षात तीन तऱ्हांनी वागतो, आणि ट्रेनिंगमध्ये मला अजून तिसरी तऱ्हा दिसायची आहे.

उन्हाळ्यात तो वाढू बघतो. एक किलोमीटर रूळ मोकळा असता तर 40 अंशांच्या फरकाला 46 सेंटिमीटर लांबला असता. पण रुळाखालचे आडवे स्लीपर, त्यांना रूळ धरून ठेवणाऱ्या क्लिपा आणि खडी त्याला जखडून ठेवतात, म्हणून ते सगळं बळ आतच साठतं. मीटरला 60 किलो वजनाच्या रुळात दर अंशाला दोन टनांच्या जरा आत. हे आवरायला स्लीपरच्या टोकापलीकडे सरळ लाइनवर 35 सेंटिमीटर खडी लागते आणि वळणावर बाहेरच्या अंगाला 50. बाबा, शेताच्या बांधासारखंच आहे, बांध खचला की पाणी वाट काढणार. म्हणून रूळ ज्या तापमानाला बांधला त्याच्या 10 अंश वर गेलं की खडीला हात लावायचा नाही, आणि 20 अंश वर गेलं की माणसं गस्तीला निघतात. भर उन्हात खडी उकरली आणि लाइन सापासारखी वाकली, तर मग हळहळून उपयोग नसतो.

पावसाळ्यात भीती रुळाची नाही, डोंगराची आणि पाण्याची. इथल्या थळ घाटाचा, म्हणजे कसारा घाटाचा चढ 37 ला 1, 37 मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, एका बाजूला कडा, एका बाजूला दरी. सुटे झालेले दगड पाऊस सुरू व्हायच्या आधीच हिल गँग, म्हणजे डोंगरावर काम करणारी टोळी, वर चढून पाडून टाकते. तरी रात्री गस्तवाला हातबत्ती, शिट्टी आणि ड्रायव्हरला इशारा द्यायचे फटाके घेऊन चालतोच. हद्दीच्या टोकाला दुसरा भेटला की वह्या बदलतात, म्हणजे दोघंही शेवटपर्यंत चालले हे कळतं. गस्तवाला वेळेवर पोचला नाही तर तेवढ्यावरूनच पुढच्या गाड्या सावकाश सोडतात.

थंडी राहिली आहे. थंडीत रूळ आखडतो, आणि जिथे वेल्ड, म्हणजे दोन रुळांचा सांधा, कच्चा तिथे पहाटे तडकतो. तेव्हा मधे फुगवटा ठेवलेली फिशप्लेट, म्हणजे सांध्याला आधार देणारी लोखंडी पट्टी, लावतात, वेल्डची गाठ त्या फुगवट्यात बसते, मग क्लॅम्प आवळून गाड्या हळू काढायच्या. हे पुस्तकात वाचून हाताला येत नाही. आत्ता सोडलं तर अर्धवट शिकून सोडल्यासारखं होईल, आणि अर्धवट सोडू नये हे मला घरातच शिकवलंय.

आई, तू विचारलंस, गाडी आली तर काय करता? नीट सांगते, म्हणजे रात्री झोप येईल. लाइन अडवून करायचं काम असेल तर स्टेशन मास्तरांकडून ब्लॉक, म्हणजे लाइन बंद ठेवायची परवानगी, आणि तिच्या खात्रीचा प्रायव्हेट नंबर मिळाल्याशिवाय कुणी हत्यार लावत नाही. वरच्या वायरच्या विजेचा ब्लॉक वेगळा. मग 600 मीटरवर लाल बॅनर, 1200 मीटरवर रुळाला बांधलेले तीन फटाके, एकमेकांपासून दहा-दहा मीटर. इंजिन वर चढलं की फुटतात, धुक्यातही ड्रायव्हरला ऐकू येतात. नुसतं बघत चालायचं असेल तेव्हा गाडीवर नजर ठेवणारा लुकआउटवाला बरोबर असतो, त्याची शिट्टी झाली की सगळे बाहेरच्या पायवाटेवर, सेसवर. अप आणि डाऊनच्या मधल्या जागेत कुणी थांबत नाही. मुकादम आमच्या आप्पांसारखे आहेत, मी सेसवर पोचले की नाही हे बघितल्याशिवाय ते स्वतः हलत नाहीत.

रूळ तपासत जाणाऱ्या चावीवाल्याबरोबर चालणं मला सगळ्यात आवडतं. तो हातोडीनं क्लिपवर टकटक करत जातो. घट्ट बसलेली खणखणीत वाजते, सैल झालेली बद्द बोलते. तू घागर विकत घेताना बोटानं वाजवून बघायचीस ना, तसंच. क्लिपेचा दांडा इन्सर्टच्या, म्हणजे स्लीपरमध्ये बसवलेल्या लोखंडी खोबणीच्या, कडेबरोबर आला पाहिजे. कमी ठोकला तर पकड नाही, जास्त ठोकला तरी पकड जाते. गंजून आत धरली तर काढता येत नाही, म्हणून काढून, घासून, ग्राफाइट ग्रीस लावून परत बसवायची.

जेवणाची काळजी नको. डब्यात भाकरी मिळते, नाचणीची असते, सवय झाली. गरम पाणी आहे. खोली गळत नाही, कपडे मात्र तीन दिवस वाळत नाहीत, म्हणून मोज्यांचे आणखी चार जोड घेतले. मेतकूट संपत आलंय. आई, गोधडी पाठवलीस ती रोज लागते. ताप आला की तू पाय त्याच गोधडीत गुंडाळायचीस, अजून तसाच वास येतो.

गणपतीला येता येणार नाही. गौरी जेवतील त्या दिवशी मी व्हिडिओ कॉल करीन, पण पुरणाचा घाट एकटीनं घालू नकोस. वहिनीला पाटा-मिक्सर बघू दे, तू बसून सांग. कॅल्शियमची गोळी जेवणानंतर, रिकाम्या पोटी नाही.

आणि बाबा, बाजारात जाताना रूळ ओलांडणं आजपासून बंद. डिझेलचं इंजिन लांबून ऐकू यायचं, वर वायर आल्यापासून गाडी जवळ येईपर्यंत कळत नाही. ताशी 110 ची गाडी सेकंदाला 30 मीटर येते, आणि ब्रेक लावूनही थांबायला किलोमीटरभर लागू शकतो. एका डोळ्याला अजून अंतराचा अंदाज येत नाही. पुलाच्या पायऱ्यांनी गुडघे दुखतात हे मला माहीत आहे. म्हणूनच पिशवी दादाकडे द्या आणि तुम्ही कठड्याला धरून, मध्ये एकदा थांबून चढा. घाई कशाची आहे?

दसऱ्याला येते. चार दिवस रजा मागितली आहे, तुमच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख त्यातच घ्या.

आई, त्यांच्या डोळ्याला ताण नको, हे पत्र तूच मोठ्यानं वाच. रूळ ओलांडण्याचं दोनदा वाच.

तुमची,
चिमी