वाफेच्या छोट्या इंजिनाचे तेलपाणी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विज्ञान प्रदर्शनांच्या दिवसांत भुसावळ-जळगावकडच्या शाळांतून वाफेवर चालणारी छोटी इंजिने मांडली जातात, याचा रेल्वेच्या गावात राहणाऱ्या मला मनापासून आनंद होतो. परंतु बॉयलरमध्ये पाणी कोणते आणि दट्ट्या सरकतो त्या सिलिंडरमध्ये तेल कोणते, असे विचारले की बहुधा बोअरचे पाणी आणि मोटारसायकलचे तेल हेच उत्तर मिळते.

आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. पाण्याची वाफ होऊन जाते, क्षार मागे राहतात आणि गिझरच्या कॉइलवर चढतो तसा पांढरा थर बॉयलरच्या आतून चढतो. त्याचा सुटलेला खपला जादा दाबाची वाफ बाहेर सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाशी अडकला तर धोका उघड आहे. म्हणून गाळलेले पावसाचे पाणी किंवा बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर वापरावे. त्याच दुकानातले ॲसिड मात्र चुकूनही नको.

तेलाकडे तर त्याहून अधिक दुर्लक्ष होते. मोटारसायकलचे तेल पातळ असते आणि त्यातील डिटर्जंटमुळे ते पाण्यात मिसळून त्याचा पांढरट लगदा होतो. सिलिंडरला 460 ग्रेडचे दाट स्टीम ऑइलच हवे. बाहेरच्या बेअरिंगांना साधे मशीन ऑइल पुरते. वाफेच्या नळीवरील ल्युब्रिकेटरमध्ये, म्हणजे तेलाच्या छोट्या डबीत, वाफ थंड होऊन तिचे पाणी तळाशी बसते आणि तेवढे तेल वर ढकलले जाऊन वाफेबरोबर सिलिंडरकडे जाते. त्यामुळे इंजिन थांबल्यावर, दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा शून्यावर आल्याची खात्री करूनच, तळाचा स्क्रू सैल करून ते पाणी काढावे. आधी पाण्याचे थेंब पडतात, मग तेलाची तार लागते, तेव्हा स्क्रू आवळून वरून नवे तेल भरावे. इंजिन चालू असताना बाहेर पडणाऱ्या वाफेसमोर पांढरा कागद धरला आणि त्यावर तेलाचे बारीक ठिपके उमटले, तर दट्ट्यापर्यंत तेल पोहोचते आहे असे समजावे. सुरुवातीला चाक हाताने फिरवून थंड सिलिंडरमध्ये साचलेले पाणी काढून टाकणेही आवश्यक आहे.

25 लिटरपेक्षा कमी क्षमतेच्या बॉयलरला बॉयलर कायदा लागू होत नाही, त्यामुळे या बॉयलरची तपासणी करायला कोणी निरीक्षक येत नाही. काही ठिकाणी सायकलच्या पंपाने हवा भरून बॉयलरची चाचणी घेतात. हे अत्यंत धोक्याचे आहे, कारण दाबलेल्या हवेत मोठी ऊर्जा साठते आणि सांधा सुटला तर तुकडे उडतात. पाणी जवळजवळ दाबले जात नसल्याने सांधा सुटला तरी ते केवळ गळते. म्हणून बॉयलर पाण्याने काठोकाठ भरून, आतली सगळी हवा काढून, नवा असल्यास नेहमीच्या दाबाच्या दुप्पट आणि जुना असल्यास दीडपट दाबाला हातपंपाने तपासावा.

शिक्षण विभागाने बॉयलरची पाण्याच्या दाबाने घ्यायची ही चाचणी प्रदर्शनाच्या नियमांत घालावी आणि परीक्षकांसमोर सेफ्टी व्हॉल्व्ह ठरलेल्या दाबाला उघडून दाखवल्याशिवाय कोणतेही इंजिन विद्यार्थ्यांच्या गर्दीत चालवू देऊ नये, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, भुसावळ